स्प्रे पेंट काढलेली एअर रायफल आणि स्कोप: खाऱ्या हवेतल्या एका पावसाळ्यानंतर

शिमग्याच्या सुमारास रंग काढला, आता दिवाळी होऊन गेली. मधला अख्खा पावसाळा ही रायफल गुहागरला आमच्या घरात होती आणि घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. रंग कशाने निघतो हे त्याच दिवशी कळतं. रंगाखालचं काय शाबूत राहिलं आणि काय गंजलं, हे मात्र कोकणात पाऊस सरल्यावरच कळतं. म्हणून मुद्दाम थांबून लिहितो आहे.

वस्तू अशी: स्प्रिंगवर चालणारी ०.१७७ बोअरची (नळीचा आतला व्यास, इंचात) एअर रायफल, लाकडी दस्ता, वर ३-९x४० चा स्कोप, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर काचेची नेम धरायची दुर्बीण. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या बोअरच्या आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. आधीच्या मालकाने हौसेने हिरव्या-खाकी रंगाचे पट्टे मारलेले, तेही सगळं जोडलेलं असतानाच. बॅरल, दस्ता, माउंटच्या म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा, स्क्रूची डोकी, स्कोपची नळी, सगळ्यांवर एकच फवारा. समोरच्या काचेवरही बारीक ठिपके. आमच्या वाडीतली मुलं कागदी टार्गेटवर सराव करतात. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतल्यापासून त्यांचा उत्साह दुणावला आहे. कागदावर नेम धरायला असल्या रंगाचा काही उपयोग नाही. उलट तोटाच आहे, कारण स्प्रिंगची रायफल सुटताना मागे आणि पुढे असे दोन झटके देते. रिंग आणि नळी यांच्यामध्ये रंगाचा थर असेल तर पकड बसत नाही, स्कोप हळूहळू सरकतो आणि मुलांना वाटतं आपलाच नेम बिघडला.

सुरुवात दस्त्याने झाकल्या जाणाऱ्या जागेवर कापसाचा बोळा फिरवून केली. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग ॲसिटोन. रंग विरघळून कापसाला लागला तर तो लॅकर जातीचा, सोपा. सुरकुत्या पडून पापुद्रा उचलला तर इनॅमल, तिथे वेळ जास्त लागतो. माझ्याकडे हिरवा पहिल्या जातीचा होता, खाकी दुसऱ्या. ही परीक्षा प्रत्येकाने घ्यावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं.

पोलादी भागांसाठी माझं मत पक्कं झालं आहे: ॲसिटोन. बॅरलचं ब्लूइंग, म्हणजे पोलादाला दिलेला निळसर काळा रंग, हा लोखंडाच्या ऑक्साईडचाच एक पातळ थर. ॲसिटोन, थिनर, स्पिरिट यांनी त्याला धक्का लागत नाही. त्याचा शत्रू आम्ल. आपल्याकडे पितळ-तांबं चिंचेने नाहीतर आमसुलाने घासायची सवय हातातच असते आणि रंगाचे डाग उरले की हात तिकडेच वळतो. तसं करू नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर, गंज काढायची द्रावणं, बाथरूमचं ॲसिड, यातलं काहीही लागलं की ब्लूइंग जाऊन खालचं पांढरं पोलाद उघडं पडतं. तारेची घासणीही नको. मला सगळ्यात उपयोगी पडला तो माडाच्या झावळीचा हीर. टोक तिरकं तासलं की कोपऱ्याकोपऱ्यातला मऊ झालेला रंग खरवडून निघतो आणि ब्लूइंगवर ओरखडा उठत नाही. बाकी जुना टूथब्रश आणि सुती फडकं पुरतं. ॲसिटोन उणे २० अंशांनाही पेट घेऊ शकतं, तेव्हा काम अंगणात, वाऱ्यावर, आणि जवळपास चूल किंवा विडी नको.

चिपळूणच्या दुकानात पोराने जेल पुढे केलं होतं. "काका, हे न्या, पाच मिनिटांत रंग सुटतो." त्याचं म्हणणं खरं आहे. रिंगांवरची खाकी पाहता पाहता फुगून वर आली. पण डब्यावर मेथिलीन क्लोराईड लिहिलेलं असेल तर जरा थांबा. हे द्रावण ४० अंशांना उकळतं, म्हणजे चैत्र-वैशाखातल्या दुपारी त्याची वाफच जास्त होते. ती हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचून राहते आणि श्वासातून गेली की शरीरात तिचा कार्बन मोनॉक्साईड होतो. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी असे रंग काढणारे पदार्थ विकायलाच बंदी घातली. साधे नायट्राइलचे हातमोजे त्याच्यापुढे काही मिनिटंच टिकतात. पाच मिनिटं वाचवायला एवढी जोखीम मला पटली नाही, उरलेला डबा तसाच मांगरात आहे. दुसऱ्या काही जेलमध्ये कॉस्टिक असतं. ते पोलादाला चालतं, पण ॲल्युमिनियमचं ॲनोडायझिंग, म्हणजे वरचा संरक्षक थर, खाऊन टाकतं. रिंगा आणि स्कोपची नळी ॲल्युमिनियमची असते, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय बूचही उघडू नका.

आता स्कोप. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि तो सत्कारणी लागला. वरून दिसते ती काळी नळी, पण आत नायट्रोजन भरलेला असतो आणि तो धरून ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंगा काचांच्या आणि नेम जुळवायच्या नॉबच्या कडेला असतात. या रिंगा बहुतेक नायट्राइल रबराच्या. ॲसिटोनने त्या फुगतात, मग आकसतात आणि फट राहते. त्या दिवशी काहीच दिसत नाही. जूनमध्ये पहिली झड लागली की आत धुकं धरतं आणि ते पुसायला बोट आत जात नाही. म्हणून स्कोपवर ॲसिटोनचा थेंबही नेला नाही. फडकं आयसोप्रोपिलमध्ये भिजवून घट्ट पिळायचं, नळीवर गुंडाळून थोडा वेळ ठेवायचं, मग हिराच्या टोकाने रंग सोडवायचा. हिरवा सहज गेला. खाकीला पुन्हा पुन्हा तेच करावं लागलं, पण गेला. नॉबवरचे पांढरे आकडे मात्र जपा. ते कोरलेल्या खाचेत रंग भरून केलेले असतात आणि अल्कोहोलनेही पुसट होतात. तिथे फडकं न ठेवता नुसत्या हिराने कडेकडेने काम केलं, आकडे सगळे वाचता येतात.

काचेवरच्या ठिपक्यांची मला खरी धास्ती होती. काचेवरच्या लेपाचा एकेक थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. कोरड्या कापडाने घासलं तर समुद्रावरची वाळू त्याच्यावरूनच फिरते. आधी रबरी फुग्याने हवा मारून कण उडवले, मग आयसोप्रोपिलने जेमतेम ओलावलेला बोळा मधून कडेकडे, प्रत्येक वेळी नवा. दोन ठिपके अगदी कडेला राहिले आहेत. ते दिसतात, पण नेम धरताना आड येत नाहीत, म्हणून त्यांच्या मागे लागलो नाही. गणपतीनंतर उघडीप मिळाली तेव्हा समोरून बॅटरीचा झोत टाकून आत पाहिलं. बुरशीचा तंतू नाही, धुकं नाही.

लाकडी दस्त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रंगासोबत जुनं पॉलिशही निघतंच, तेव्हा ते वाचवायच्या फंदात न पडता बारीक पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल दिलं. पावसात दस्ता किंचित फुगला, आता पूर्ववत आहे. प्लॅस्टिकच्या भागांवरचा रंग तसाच ठेवला. ते एबीएस जातीचं असेल तर ॲसिटोनने रंगाआधी प्लॅस्टिकच विरघळतं.

स्प्रिंगच्या सिलिंडरजवळ मात्र द्रावण ओतू नका, फडक्यानेच काम करा. आत चामड्याचा किंवा पॉलियुरेथेनचा वॉशर असतो. चामडं सुकतं, पॉलियुरेथेन बिघडतं. शिवाय आत उरलेली वाफ पिस्टनच्या दाबाने तापून पेटते, ज्याला डिझेलिंग म्हणतात. मोठा आवाज होतो आणि स्प्रिंगला झटका बसतो. काम झाल्यावर रायफल पुरती वाळू द्यावी आणि मगच छर्रा घालावा.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. ॲसिटोन रंगासोबत शेवटच्या थेंबापर्यंत तेलही काढतं आणि त्या क्षणी पोलाद उघडं असतं. खाऱ्या वाऱ्याने आणलेलं मीठ पृष्ठभागावर बसतं आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ स्वतःच हवेतून पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच उतरते. घाटावर एक रात्र चालून जाईल, किनाऱ्यावर नाही. म्हणून एका वेळी एकच भाग घेतला: रंग काढला, गोड्या पाण्याचं फडकं फिरवून मीठ पुसलं, कोरडं केलं आणि लगेच तेल. नारळाचं तेल घरात मुबलक असलं तरी इथे नको. ते खवट होतं आणि त्यातली आम्लं पोलादाला लागतात. शिलाई मशीनचं तेल चांगलं, पण पातळ असल्याने उभ्या ठेवलेल्या बॅरलवरून ओघळून जातं. शेवटी गन ऑइलचा हात आणि दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या भागाला ग्रीस, असं ठरवलं.

निकाल सांगतो. बॅरलचा वरचा भाग स्वच्छ आहे, ब्लूइंग एकसारखं. दस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात बारीक तांबूस ठिपके आले, कारण लाकूड ओल धरून ठेवतं. ते तेलात बुडवलेल्या फडक्याने निघाले. स्कोप सरकणं पूर्ण थांबलं. मुलांची छिद्रं आता कागदावर एकत्र पडतात आणि माझ्या दृष्टीने रंग काढण्याचं चीज तिथेच झालं.

ठेवताना फोमच्या पेटीत ठेवत नाही, फोम ओल सोडत नाही. कपाटात उभी, शेजारी निळ्या सिलिका जेलची पुडी. मणी गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे होतात. पण स्वयंपाकाचा तवा त्यासाठी वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराईड असतं आणि ते विषारी आहे.

कोकणात बऱ्याच बागायतदारांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते, त्यांच्यासाठी एक गोष्ट. त्या बंदुकीवरचा रंग घरी पॉलिश पेपरने घासू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा क्रमांक किंवा ओळखखूण खोडणं हा गुन्हा आहे आणि जुन्या बंदुकांवरचे आकडे इतके उथळ असतात की दोन हातांतच पुसले जातील. ते काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावं.

माझ्याकडे आता माउंटचे स्क्रू बदलायचे राहिले आहेत. ॲल्युमिनियमच्या रिंगेत पोलादी स्क्रू, त्यात खारी ओल, त्यामुळे डोक्यांभोवती गंज आणि पांढरी भुकटी दोन्ही दिसतात. पुढच्या आगोटीआधी स्टेनलेसचे घालणार आहे. स्टेनलेसचंही ॲल्युमिनियमशी खाऱ्या हवेत जमत नाही, तेव्हा आट्यांना ग्रीस लावूनच बसवीन.