बनियन: ऑपरेशन नको असेल तर पैसे आधी कशावर घालवायचे?

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ दिसू लागली की घरोघरी एकच निदान होतं: हाड वाढलंय. खरं तर हाड बहुतेक वेळा सरकलेलं असतं. अंगठ्यामागचं तळपायातलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने झुकतं, अंगठा उलट बाजूला शेजारच्या बोटावर कलतो आणि मधला सांधा टेंगळासारखा बाहेर येतो. यालाच इंग्रजीत बनियन (bunion) म्हणतात, डॉक्टर हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. पुष्कळदा ते घराण्यात चालत येतं. माझ्या आईला होतं, मला आहे. अरुंद बूट त्यात भर घालतात. २०१० साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात १८ ते ६५ वयाच्या सुमारे २३ टक्के लोकांना आणि ६५च्या पुढच्या सुमारे ३६ टक्के लोकांना हा त्रास आढळला. बायकांना जास्त.

निवड करण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवून टाका. मोठ्या माणसाचं सरकलेलं हाड ऑपरेशनशिवाय कायमचं जागेवर आणेल असं काहीही आजवर सिद्ध झालेलं नाही. पट्टा नाही, तेल नाही, व्यायामही नाही. ‘पंधरा दिवसांत अंगठा सरळ’ असली जाहिरात दिसली की पुढे सरका. दुखणं मात्र कमी होतं, बऱ्याच जणांचं इतकं की ऑपरेशनचा विषय मागेच पडतो. ठाणे स्टेशनचा पूल सकाळच्या गर्दीत चढायचा, लोकलमध्ये उभं राहून जायचं, तर उपाय तेवढ्याच कसोटीवर तपासलेले बरे.

पादत्राण

पहिला रुपया इथेच जावा असं माझं ठाम मत आहे. गाठ दुखते ती मुख्यतः तिच्यावर बुटाची कड घासते म्हणून.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभराने पाय थोडे सुजतात, पसरतात. सकाळी बरोबर बसलेला बूट घरी येताना आवळू लागतो. निघण्याआधी कागदावर उभं राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन पावलाची बाह्यरेषा काढून घ्या आणि तो कागद दुकानात न्या. बूट त्यावर ठेवल्यावर रेषा बाहेर डोकावली तर तो बूट आपला नव्हे, मग गोखले रोडवरचा विक्रेता ‘घालून घालून सैल होतो, मॅडम’ असं कितीही म्हणो. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी. टाच दोन इंचांच्या आत ठेवा, कारण ती उंचावली की भार पुढे अंगठ्याच्या सांध्यावर येतो. एक नंबर मोठा घेण्याची युक्ती फसवी आहे: लांबी वाढते, रुंदी फारशी वाढत नाही, पाय पुढे घसरतो आणि बोटं पुन्हा टोकात जाऊन अडकतात. बायकांच्या बुटांत रुंद पंजा मिळेना तर पुरुषांच्या स्पोर्ट्स शूजमधला लहान नंबर खुशाल घालून बघा.

आहे तोच बूट वाचवायचा असेल तर स्टेशनबाहेर चप्पल-बूट दुरुस्तीला बसणाऱ्या काकांना विचारा. अस्सल चामडं साच्यावर ताणून गाठीपुरती जागा करता येते. रेक्झिन ताणत नाही, तडकतं.

चपलांचं गणित वेगळं. आपल्या हवेत उघडी सँडल बरी, पण तिचा पट्टा गाठीवरून जाता कामा नये; वेल्क्रोचे, कमी-जास्त करता येणारे पट्टे सोयीचे. कोल्हापुरीची कडक कड नेमकी गाठीवर येत असेल तर ती चप्पल लग्नकार्यापुरती ठेवा. पावसाळ्यातली रबरी स्लीपर बोटांनी धरून चालावी लागते, त्यामुळे लांब पल्ल्याला ती नकोच. आणि जोडवी! अंगठा शेजारच्या बोटावर रेलला की जोडवं दोन्हीकडे रुतायला लागतं. सूज असताना ते उतरवून ठेवा, सासूबाईंना डॉक्टरांचं नाव सांगा.

सिलिकॉन स्पेसर की रात्रीचा पट्टा?

मेडिकलमध्ये आणि ऑनलाइन सगळ्यात जास्त दिसतात त्या या दोन वस्तू, आणि गिऱ्हाईक गोंधळतं तेही इथेच.

स्पेसर म्हणजे अंगठा आणि दुसरं बोट यांच्यामध्ये घालायचा मऊ तुकडा. शे-दोनशे रुपयांपासून मिळतो. बोटावर बोट घासत असेल, मध्ये घट्टा पडला असेल, तर फरक लगेच कळतो. पण त्याला जागा लागते. अरुंद बुटात घातला तर तो दुसऱ्या बोटालाच पलीकडे ढकलतो आणि गाठ बुटाच्या भिंतीवर आणखी दाबली जाते. म्हणजे बूट न बदलता स्पेसर घेणं हा उलटा क्रम झाला. दुसरी अडचण घामाची. जून ते सप्टेंबर बोटांच्या बेचक्यात ओल राहते, त्यात सिलिकॉन दिवसभर बसलं की बुरशी धरते. तो रोज धुवायचा, कोरडा करायचा, काही तासांनी काढायचा. घासणं फक्त गाठीवर असेल तर स्पेसरऐवजी गाठीभोवती बसणारी जेलची गादी पुरेल.

रात्रीचा पट्टा अंगठा ओढून सरळ धरून ठेवतो. लावलेला असताना फोटो छान येतो. सकाळी काढला की काही वेळात अंगठा पहिल्या जागी. ताण मिळाल्यामुळे काहींना सकाळी सांधा मोकळा वाटतो, तेवढं मिळालं तरी घेणाऱ्याची हरकत नसावी. आवळून बांधला तर मुंग्या येतात, वळ उठतात. दोन्हींपैकी एकच घ्यायचं तर मी स्पेसर घेईन, तोही नवा रुंद बूट आल्यावर.

इनसोल आणि व्यायाम

तळपाय सपाट असेल, चालताना पाऊल आत कलत असेल, तर कमानीला आधार देणारा इनसोल अंगठ्याच्या सांध्यावरचा भार कमी करू शकतो. इथे एक चांगला अभ्यास हाताशी आहे. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांचे तीन गट केले: ऑपरेशन, इनसोल आणि नुसती वाट पाहणं. निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी इनसोलवाल्यांचं दुखणं वाट पाहणाऱ्यांपेक्षा कमी होतं. वर्षअखेरीस तो फायदा उरला नाही, आणि ऑपरेशनवाले पुढे होते. त्यामुळे मापाने बनवून घेतलेल्या इनसोलला काही हजार मोजण्याआधी साधा तयार इनसोल वापरून बघावा. तो बुटात जागा खातो, म्हणून बूट घेतानाच सोबत न्यावा.

व्यायामाला पैसे लागत नाहीत, नेटाने करणं लागतं. पाऊल जमिनीवर टेकवून फक्त अंगठा बाजूला, बाकीच्या बोटांपासून दूर न्यायचा प्रयत्न करायचा. सुरुवातीला तो हलतच नाही, हाताने मदत करावी. बोटं न आवळता तळपायाची कमान उचलून धरणं हा दुसरा. पोटरी आखडलेली असेल तर भिंतीला हात टेकून ती ताणायची, कारण आखडलेल्या पोटरीमुळे पंज्यावर जास्त भार येतो. हे तिन्ही एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, म्हणजे चुकीचा स्नायू राबवला जात नाही. गाठ जाणार नाही. पाऊल बळकट होतं, सांधा आखडत नाही. सुरुवातीच्या बनियनला मी हे इनसोलच्या वर ठेवते, जुनाट आणि कडक झालेल्याला खाली.

गोळ्या आणि मलम यांबद्दल थोडक्यात: डायक्लोफेनॅकचं जेल, दहा-पंधरा मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ, हे सुजेच्या दिवसांपुरतं. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवायच्या नसतात, किडनीचा किंवा ॲसिडिटीचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. गाठीवरची द्रवाची छोटी पिशवी (बर्सा) सुजली असेल तर डॉक्टर कधीकधी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. दुखणं उतरतं, हाड जिथल्या तिथे.

कुणी काय घ्यावं

ऐरोलीच्या आयटी ऑफिसात बंद बुटात बसून काम करणाऱ्या तिशीतल्या मुलीने रुंद बूट आणि व्यायाम इतकंच घ्यावं. तळोज्याला किंवा टीटीसी पट्ट्यात कारखान्यात उभं राहणाऱ्याची अडचण खरी आहे: सेफ्टी शूजची पुढची टोपी पोलादी, ती कुणी ताणून देणार नाही. त्याने रुंद मापाचा जोड कंपनीकडेच मागावा, त्याआधी पट्ट्या-स्पेसरवर खर्च करू नये.

मधुमेह असणाऱ्या काकूंनी मात्र या यादीतलं काहीच स्वतःच्या मनाने घेऊ नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर स्पेसरखाली झालेली जखम कळत नाही. घट्ट्यावर लावायच्या औषधी पट्टीतलं ॲसिडही धोक्याचं. आधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायचा. आणि एका रात्रीत अंगठ्याचा सांधा लालभडक, गरम होऊन चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर ते बहुधा बनियन नव्हे. युरिक ॲसिडमुळे होणारा गाऊट किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. लगेच दाखवा.

तीन-चार महिने रुंद बूट आणि व्यायाम नीट करूनही रोजचं चालणं अडत असेल किंवा दुसरं बोट अंगठ्यावर चढायला लागलं असेल, तर ऑर्थोपेडिक सर्जनचं मत घ्यावं. एक्स-रे उभं राहून, पायावर भार देऊन काढा. झोपून काढलेल्यात कोन कमी दिसू शकतो. अंगठ्याचा कोन पंधरा अंशांपर्यंत सामान्य धरतात, चाळिसाच्या पुढे तीव्र. पण नुसत्या कोनावर किंवा पाय वाईट दिसतो म्हणून ऑपरेशन करायचं नसतं, दुखण्यावर करायचं. त्यानंतर साधारण सहा आठवडे खास बूट आणि सूज पूर्ण उतरायला बरेच महिने, हे धरून चाला. तारीख ठरवताना पावसाळा टाळा, आणि उजवा पाय असेल तर सर्जन हो म्हणेपर्यंत गाडी चालवता येणार नाही, तेव्हा ऑफिसला नेणारं कुणीतरी आधीच बघून ठेवा.