टेबल सॉचा फेन्स: टी-स्क्वेअर की रॅक-पिनियन?

फेन्स म्हणजे लाकूड सरळ चिरताना ज्याला टेकवून पुढे सरकवतात ती पात्याशेजारची आडपट्टी. बिझमायर (ब्रँडचं नाव) पद्धतीचा टी-स्क्वेअर फेन्स म्हणजे जाडजूड लोखंडी गुण्याच. फक्त पुढच्या रेलवर, म्हणजे टेबलाच्या पुढच्या कडेच्या दांडीवर, घट्ट बसतो. रेल लांब घेतली तर ५० इंच रुंदीपर्यंत चिरता येतं, म्हणजे ८ बाय ४ चा प्लाय आरामात. पण तो जड, आणि रेल सरळ बसवण्यात बराच वेळ जातो.

डिवॉल्टच्या डीडब्ल्यूई ७४९१ सारख्या, कामाच्या साइटवर न्यायच्या सॉला रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक, असतं. नॉब फिरवला की पुढची-मागची टोकं एकत्र सरकतात. माप चटकन जुळतं, चिरण्याची मर्यादा मात्र ३२.५ इंच.

जुळवणीचा क्रम दोन्हींत एकच: आधी पातं मायटर स्लॉटला (टेबलावरच्या, पात्याशेजारच्या लांब खाचेला) समांतर, मग फेन्स. सॉचा प्लग काढूनच. टी-स्क्वेअरला डोक्यातले (रेलवर बसणाऱ्या आडव्या भागातले) दोन स्क्रू फिरवले की काम होतं. रॅकवाल्यात स्क्रू ढिले करून, फेन्स स्लॉटशी जुळवून पुन्हा आवळायचे. आवळताना तो हमखास हलतो, म्हणून परत मोजा. फेन्सचं मागचं टोक पात्यापासून केसभर बाहेर असलं तर चालेल. पात्याकडे आत झुकलेलं अजिबात नको: लाकूड पात्यावर दाबलं जाऊन उसळून अंगावर येतं.

वर्कशॉपमध्ये एका जागी सॉ असेल तर मी टी-स्क्वेअरच घेईन. गाडीतून न्यायचा असेल तर प्रश्नच नाही, रॅक.