टॅक्स सॉफ्टवेअर आणि कागदी रिटर्न: सात महिन्यांनंतर

नवरा एच-१बी व्हिसावर, मी नोव्हेंबर २०२४ मध्ये जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर न्यू जर्सीत आले. मला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून आयटिन, म्हणजे त्याऐवजी टॅक्सपुरता मिळणारा नंबर, हवा. त्याचा अर्ज, म्हणजे डब्ल्यू-७, कागदी रिटर्नला जोडूनच पाठवायचा. ई-फाइलचा रस्ता तिथेच बंद. तरी सॉफ्टवेअर घेतलं, कारण १०४०, म्हणजे रिटर्नचा मुख्य फॉर्म, हाताने भरायची दोघांचीही छाती नव्हती.

हिशेबाला पैकीच्या पैकी गुण. एकत्र रिटर्न भरला तर २०२४ साठी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट, २९,२०० डॉलर. लग्न झालेल्याने एकट्याने भरला तर १४,६००. हा फरक डोळ्यांसमोर दिसला की पुढचा खटाटोप परवडतो. मात्र मला वर्षभर अमेरिकेची रहिवासी धरावं, असं निवेदन दोघांच्या सह्यांनिशी जोडावं लागतं आणि मग माझ्या पुण्यातल्या एफडीचं व्याजही दाखवावं लागतं. व्याजाचं सॉफ्टवेअरने विचारलं. निवेदनाचं नाव नाही. ते मीच टाइप केलं.

माझ्या नंबराची चौकट रिकामी ठेवायला ते तयारच होईना. लाल उद्गारचिन्ह, पुन्हा लाल उद्गारचिन्ह. रिकामी चौकट चालवून घेणारं बटण सापडेपर्यंत एक अख्खा रविवार गेला.

खरी गंमत प्रिंटरपाशी. ‘प्रिंट’ म्हटल्यावर साठाहून जास्त पानं बाहेर आली. त्यातली निम्म्याहून अधिक आपल्याकडेच ठेवायची वर्कशीटं, पण ते बारीक अक्षरात! फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात क्रमांक असतो, त्या क्रमाने पानं लावायची. डब्ल्यू-७ सगळ्यांत वर, नवऱ्याचा डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा दाखला, रिटर्नच्या पहिल्या पानाला, आणि सह्या दोघांच्या, पेनाने. माझी सही राहिली होती. पाकीट चिकटवल्यावर आठवलं. पाकीट फाडलं, दुसरं आणलं.

पासपोर्ट मूळ पाठवायचा धीर झाला नाही. नुसती नोटरी केलेली झेरॉक्स चालत नाही. आपल्या न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटकडून प्रमाणित प्रत करून घेतली. पाकीट जातं टेक्सासमधल्या ऑस्टिनला, आयटिन विभागाच्या पोस्ट बॉक्सवर, एरवीच्या रिटर्नच्या पत्त्यावर नाही. पोस्ट बॉक्स म्हणजे खासगी कुरिअर बाद. सरकारी पोस्टातून सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवलं. मुदत १५ एप्रिल, पण त्या तारखेपर्यंतचा पोस्टाचा शिक्का असला की वेळेत धरतात. म्हणून ती पावती मी मंगळसूत्राच्या डबीत ठेवली होती. हसा खुशाल.

मार्चच्या मध्यावर पाठवलं. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच्या गर्दीत ९ ते ११ आठवडे लागतात असं सांगतात. आमचं पत्र दहाव्या आठवड्यात आलं, ९ने सुरू होणारा नंबर घेऊन. परतावा जुलैत खात्यात. तोवर सॉफ्टवेअर ‘तुमचं काम पूर्ण झालं!’ म्हणून फुगे उडवत होतं.

पुन्हा तेच घेणार का? घेणार, कारण आता आयटिन आहे, ई-फाइल होईल. पण पहिल्या वर्षाच्या जोडप्याने महागडा प्लॅन घेऊ नये. जास्तीच्या पैशांत मिळणारी ‘तज्ज्ञांची मदत’ आमच्या बाबतीत टपालाच्या पत्त्यावर येऊन अडली. ई-फाइल करताना मागच्या रिटर्नवरचा एजीआय, म्हणजे ठरावीक वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाचा आकडा, विचारतात. तो १०४०च्या ११व्या ओळीवर असतो. आमच्या प्रतीवर त्या ओळीला पिवळा मार्कर लावून ठेवलाय.