'एकच नग' म्हणून विकलेला हार: बडोद्यातल्या प्रदर्शनातली फसवणूक

नवरात्र-दिवाळीच्या आधी बडोद्यात दागिन्यांची प्रदर्शनं भरतात आणि 'कलाकाराने हाताने घडवलेले दागिने' अशी पाटी लावलेली टेबलं तिथे हल्ली बरीच दिसतात. त्यातली पुष्कळ खरी असतात. मला ती मनापासून आवडतात, आणि याच प्रामाणिक कारागिरांच्या नावावर दुसरं कुणी पैसे काढतं याचा मला फार राग आहे.

अलकापुरीतल्या अशाच एका प्रदर्शनात भाचीच्या लग्नासाठी मी हार घेतला. पिंपळाची सात पानं, प्रत्येक पानावर हातोडीचे बारीक ठोके, कडेने तारेचा वेढा. विकणारी बाई स्वतःला फाईन आर्ट्सची माजी विद्यार्थिनी म्हणवत होती. बडोद्यात या शब्दांना वजन आहे. सयाजीराव विद्यापीठाची ही फॅकल्टी १९५० पासूनची, आणि तिथल्या फाईन आर्ट्स फेअरमध्ये विद्यार्थ्या-शिक्षकांनी स्वतः केलेल्या वस्तू घेण्याची आमच्या घरात जुनी सवय आहे. "ताई, पत्रा मी स्वतः कापते, स्वतः ठोकते. असा दुसरा नग होणार नाही," असं सांगून तिने सही केलेलं कार्ड दिलं. कडीजवळ ९२५ चा, म्हणजे ९२.५ टक्के चांदी असल्याचा, शिक्का होता. वजन ६२ ग्रॅम, किंमत १८,५०० रुपये. पावती मागितली तर "कार्ड हीच पावती". पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात गेले.

संक्रांतीला दांडिया बाजारात एका ओळखीच्यांकडे हळदीकुंकू होतं. भाची तोच हार घालून आली होती, आणि समोर बसलेल्या वहिनींच्या गळ्यातही पिंपळाची सात पानं. नक्षी कुणीही उचलू शकतं, म्हणून मी आधी तेवढंच समजले. पण आमच्या हारात डावीकडून तिसऱ्या पानावर, मधल्या शिरेला लागून, हातोडी घसरल्यासारखा चंद्रकोरीएवढा एक खोक आहे. मला तो आवडायचा, हाताची खूण म्हणून. वहिनींच्या तिसऱ्या पानावर तोच खोक होता, त्याच जागी, त्याच बाजूला झुकलेला. हातोडी दोन हारांवर अशी हुबेहूब घसरत नाही.

याचा अर्थ एकच. मूळ नग कुणीतरी खरोखर ठोकून केला असेल, पण त्यावरून रबराचा साचा काढला. साच्यात मेण भरायचं, मेणाच्या प्रती प्लास्टरमध्ये बसवायच्या, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मूळ नगावरचा प्रत्येक ठोका, प्रत्येक खोक शंभर प्रतींत जसाच्या तसा उतरतो. घरी येऊन हार उलटा करून पाहिला. ठोकलेल्या पातळ पत्र्याच्या पाठीवर सहसा पुढच्या ठोक्यांचे उंचवटे हाताला लागतात. इथे पाठ सपाट, आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढी बारीक छिद्रं. कडेची तार पानाला झाळलेली नव्हतीच, पानाबरोबरच ओतलेली होती. जोडाची रेघ भिंग लावूनही सापडली नाही.

मग धातूची शंका आली. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण चांदी, तांबं, पितळ यातलं काहीच त्याला चिकटत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणला आणि हार दोऱ्याने तळाला न टेकवता पूर्ण बुडवला. काट्यावर ७.३ ग्रॅम आले, म्हणजे हाराने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ६२ ला ७.३ ने भागलं की साडेआठ, ही हाराची घनता. ९२५ चांदीची घनता दहाच्या वर, १०.३ च्या आसपास असते, पितळेची साधारण साडेआठ. (खडे जडवलेल्या किंवा आतून पोकळ दागिन्याला हा हिशेब लागू पडत नाही.) दुसऱ्या दिवशी मांडवीतल्या आमच्या सोनीकाकांनी पानाच्या मागच्या कडेवर कानस फिरवली. खालून पिवळं निघालं. "बेन, आ पित्तळ छे," एवढंच म्हणाले. वर चांदीचा जाड मुलामा होता.

बाईला फोन केला तर तिने कॅरेटोमीटरचा (क्ष-किरणांनी धातूचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट पाठवला, चांदी ९२ टक्के. रिपोर्ट खोटा असेलच असं नाही. ते यंत्र वरचा काही मायक्रॉनचाच थर वाचतं, मुलामा जाड असला की खालचं पितळ त्याला दिसत नाही. दुसऱ्या प्रतीबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं, "पॉलिश हातानेच करतो ना." त्यानंतर तिने माझा नंबर ब्लॉक केला.

हार पितळेचा निघाला याचं मला दुःख नाही. अलेक्झांडर काल्डर या अमेरिकन शिल्पकाराने आयुष्यात सुमारे १,८०० दागिने केले, त्यातले कितीतरी पितळेची तार वाकवून आणि ठोकून. १९५५ मध्ये तो अहमदाबादच्या साराभाई या उद्योजक कुटुंबाच्या निमंत्रणावरून आपल्या शेजारी तिथे येऊन काम करून गेला. ओटो क्युन्झली या स्विस दागिने-कलाकाराचं १९८० चं एक कडं आहे: काळ्या रबराच्या नळीत सोन्याचा गोळा, बाहेरून दिसतो तो फक्त फुगवटा. आत सोनं आहे हे घालणाऱ्याने करणाऱ्याच्या शब्दावर मानायचं. या कलेत शब्दाला एवढी किंमत आहे. 'पितळ आहे, ओतीव आहे, पन्नास प्रती काढल्यात' असं स्पष्ट सांगून विकणारे कलाकार मला माहीत आहेत आणि त्यांच्याकडून मी आनंदाने घेते. इथे धातू, हात आणि 'एकच नग' हे तिन्ही खोटं सांगून तिन्हींची घडणावळ घेतली.

नुसता ९२५ चा शिक्का म्हणजे हॉलमार्क (भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची, शुद्धतेची खूण) नव्हे, तो शिक्का कुणीही मारू शकतं. चांदीवर हॉलमार्क सोन्यासारखा सक्तीचा नाही, पण १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कमध्येही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा. मात्र हॉलमार्क फक्त धातूची शुद्धता सांगतो. घडवणारा हात कुणाचा, हे त्यात नसतं. त्यासाठी नग उलटा करून पाठ बघा, अर्धवट झालेलं काम आणि कच्ची रेखाटनं दाखवायला सांगा. खरा कारागीर कुठे झाळलंय, कुठे करवत फिरवलीय ते उत्साहाने दाखवतो, त्याला थांबवावं लागतं. आणि पावतीवर धातू, वजन, 'हाताने घडवलेला' आणि 'एकच नग' हे शब्द लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ झाली की तिथून निघा.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मी तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ती तयारी चालू आहे. दांडिया बाजारातल्या वहिनी सोबत येत आहेत. तुमच्याकडे सात पिंपळपानांचा हार असेल तर डावीकडून तिसरं पान बघा. तोच खोक दिसला तर यूपीआयची नोंद आणि ते सही केलेलं कार्ड जपून ठेवा आणि मला कळवा. एकाच 'एकमेव' नगाचे जितके मालक एकत्र येतील तितकी तक्रार भक्कम होईल.