बेळगावात बसून लेखन-भाषांतराचा व्यवसाय : गावातलं काम घ्यावं की बाहेरचं?

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा खुद्द बेळगावात राहून ज्याला लिहिण्यावर घर चालवायचं आहे, त्याच्यापुढे आज मुख्यतः दोन वाटा आहेत. एक म्हणजे इथल्याच लोकांसाठी लिहायचं: क्रेडिट सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, दवाखान्यांची पत्रकं, उद्यमबागेतल्या कारखान्यांची माहितीपत्रकं. दुसरी म्हणजे पुणे, मुंबई, बंगळूर किंवा परदेशातल्या भाषांतर एजन्सींना घरबसल्या काम करून द्यायचं. या धंद्यात उतरू पाहणारी मुलं-मुली कोणती वाट धरू असं विचारतात, तेव्हा मी आधी एकच उलटा प्रश्न विचारते: तुला कन्नड वाचता येतं का? नुसतं बोलता नव्हे, वाचता. उत्तर 'हो' असेल तर सुरुवात गावातून करावी, या मतावर मी ठाम आहे. का, ते खाली सविस्तर सांगते.

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारे पुण्या-मुंबईत ढिगाने आहेत. त्यांच्याशी दरात स्पर्धा करायची तर आपणच खाली यायचं, दुसरा मार्ग नसतो. कन्नड मजकूर नीट समजून तो स्वच्छ मराठीत आणणारे मात्र थोडे, आणि त्यातले बरेचसे आपल्याच पट्ट्यात, बेळगावपासून बिदर-भालकीपर्यंत राहतात. मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांनी शाळेत कन्नड घेतलेलंच असतं. मार्कांपुरतं शिकलेलं ते कन्नड या धंद्यात भांडवल ठरतं.

गावातलं काम

सोसायटीचा अहवाल हे याचं चांगलं उदाहरण. मार्चअखेर हिशेब बंद होतात, मग लेखापरीक्षण होतं, आणि सप्टेंबरमधल्या वार्षिक सभेआधी अहवाल सभासदांच्या हातात पडावा लागतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांची एकदम घाई. अध्यक्षांचं मनोगत, ठेवी आणि कर्जांचा आढावा, थकबाकी, राखीव निधी, लाभांशाची शिफारस, पोटनियमात बदल असेल तर तो. सहकार खात्याशी व्यवहार कन्नडमधून आणि सभासद मराठी वाचणारे, म्हणून एकच मजकूर दोन्ही भाषांत लागतो. इथे दोन्ही भाषा जाणणाऱ्याला मान आहे. पोटनियमाच्या एका कलमाचा अर्थ इकडचा तिकडे झाला तर सभेत गोंधळ उडतो, हे सेक्रेटरींना पक्कं ठाऊक असतं.

एक इशारा मात्र आत्ताच देते. मातृभाषा मराठी असेल तर कन्नडमधून मराठीत आणायचं काम घ्या. मराठीतून कन्नडमध्ये न्यायचं काम एकट्याच्या बळावर घेऊ नका. समजणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. कन्नड मातृभाषा असलेला एखादा जोडीदार शोधा, मोबदला वाटून घ्या, दोघांचीही कामं वाढतात. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा २०२४मध्ये झाल्यापासून पाट्या, पत्रकं, बिलबुकं यांचा मजकूर नव्याने लिहून घेणारे दुकानदारही आहेत. जोडीदार असेल तर हे काम सोडायचं कारण नाही.

मजकूर लिहून दिला की काम संपलं, असं गावात होत नाही. गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालतात आणि तुम्ही टाइप करता युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत. तो मजकूर कन्व्हर्टरमधून काढतो तेव्हा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, अनुस्वार उडतात. म्हणून प्रूफ तपासायचं ते कन्व्हर्जननंतर, कागदावर, आणि आकडे मूळ ताळेबंदाशी ताडून. या तपासणीचे पैसे सुरुवातीलाच वेगळे सांगा. लिहिण्याच्या दरात ते धरले तर तुमचे दोन दिवस फुकट जातात, आणि 'एकदा नजर टाका की' म्हणत तिसरं प्रूफही येतं.

कामं येतात ओळखीतून. एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चांगली निघाली की त्याच संस्थाचालकांच्या पतसंस्थेचं काम येतं, तिथल्या संचालकाच्या कारखान्याचं येतं. निवृत्त गुरुजींना आत्मचरित्र लिहून हवं असतं. चपलांच्या धंद्यातली मंडळीही आता माहितीपत्रक मागतात. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात बेळगाव आहेच. अथणी-निपाणीकडच्या कारागिराला आपली गोष्ट मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत सांगायची असते. पुण्यातला लेखक हे करू शकेल, पण त्याला कातड्याचे प्रकार, शिलाई, वेणी समजून घ्यायला इथे यावं लागेल. तुम्हाला बस धरली की झालं.

बाहेरचं काम

इथे ओळख लागत नाही, चाचणी लागते. एजन्सी दोन-तीनशे शब्दांचा नमुना मागते, गोपनीयतेच्या करारावर सही घेते, आणि मग काम पाठवते. भाषांतरासाठी विशिष्ट सॉफ्टवेअर वापरावं लागतं. त्यात आधी केलेली वाक्यं साठत जातात आणि तेच वाक्य पुन्हा आलं की आपोआप समोर येतं. अशा वाक्यांचे पैसे एजन्सी कापते, म्हणून दर ठरवतानाच विचारून घ्या. शिकायला ओमेगाटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

मोजणी मूळ मजकुराच्या शब्दांवर आहे की भाषांतराच्या, हेही विचारा. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीपेक्षा मराठी मजकुराची शब्दसंख्या बरीच कमी भरते. मोजणी भाषांतरावर असेल तर तेवढाच तुमचा तोटा.

आता बरंचसं काम 'यंत्राने केलेलं भाषांतर दुरुस्त करा' या स्वरूपात येतं आणि त्याला दर कमी असतो. नवख्याने अशा कामाने सुरुवात करू नये असं मला मनापासून वाटतं. यंत्राची वाकडी वाक्यं दिवसभर डोळ्यांखालून गेली की आपलंही वाक्य वाकडं पडायला लागतं, आणि सुरुवातीच्या काळात लागलेलं वळण लवकर जात नाही.

एजन्सीच्या कामाचा मोठा फायदा म्हणजे शिस्त. प्रत्येकीचे शैलीचे नियम लेखी असतात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे अठरा लेखननियम पाठ नसतील तर पहिल्याच तपासणीत लाल खुणा येतात. आपल्या बेळगावी बोलण्यातली कन्नड वळणं लेखनात उतरलेली आपल्याला जाणवत नाहीत, तिकडचा तपासनीस मात्र ती नेमकी दाखवतो. वर्षभर असं तपासून घेतलेल्या माणसाचा गावातला अहवालही वेगळा दिसतो. म्हणून बाहेरचं काम अजिबात करू नका, असं मी म्हणत नाही.

अडचण वेळेची. पाच वाजता म्हणजे पाचलाच. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला किंवा खानापूरच्या आतल्या गावांत राहत असाल तर पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड हा तिथे धंद्याचाच खर्च आहे. गावातल्या गिऱ्हाइकाला 'लाइट नव्हती' हे सांगावंही लागत नाही, कारण ती त्याच्याकडेही नसते. एजन्सीला ते कारण चालत नाही.

पैसा

दर काय सांगू, याचं उत्तर स्वतःच्या वेगातून काढा. दिवसाला दोन हजार शब्द हे सरावलेल्या भाषांतरकाराचं साधारण प्रमाण मानतात. नवख्याने दीड हजार धरावेत. महिन्यात वीस दिवस काम म्हणजे तीस हजार शब्द. तुम्हाला २५,००० रुपये हवे असतील तर शब्दाला ८३ पैसे पडले पाहिजेत. एजन्सी याच्या खाली बोलत असेल तर जास्तीचे तास कुठून आणणार याचा विचार करूनच हो म्हणा. गावातल्या कामाचा दर शब्दावर नसतो, तो पानावर किंवा ठोक असतो. तरी हिशेब तोच: किती दिवस जातील ते मोजा आणि दिवसाच्या मिळकतीने गुणा.

एजन्सी पैसे उशिरा देते, पण तारीख सांगून देते: तीस, पंचेचाळीस, काही ठिकाणी साठ दिवस. परदेशी एजन्सी पेपालने देत असेल तर शुल्क आणि चलनबदल मिळून चार टक्क्यांहून जास्त कापले जातात, ते दरात आधीच धरायला हवेत. फायव्हरसारख्या, कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांवर तर मिळकतीच्या २० टक्के त्यांचेच.

गावात तारीखच नसते. 'होऊ दे की, पैसे कुठं पळून जातात?' हे वाक्य इथे काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. बोलणारा माणूस वाईट नसतो, बहुतेक वेळा तो देतोही, पण तुमच्या घराचं भाडं त्याच्या सवडीने ठरत नाही. उपाय साधा आहे आणि तो पाळायला धीर लागतो: निम्मे आगाऊ, उरलेले अंतिम फाइल देताना. नातेवाइकांनाही हेच सांगा. आधी थोडं कडू लागतं, नंतर संबंध उलट नीट राहतात.

गिऱ्हाईक कंपनी असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, कामाला येते. ती मोफत होते, आधार आणि पॅनवर होते, कोणा एजंटला पैसे द्यायची गरज नाही. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. शिवाय २०२४-२५ या आकारणी वर्षापासून मुदत उलटूनही मार्चअखेरपर्यंत न दिलेली रक्कम त्या वर्षी कंपनीला खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा. उद्यमबागेतल्या कारखान्याचा हिशेबनीस तो बघतो आणि मार्चच्या आत चेक निघायची शक्यता वाढते.

कराबद्दल थोडक्यात. आपलं गिऱ्हाईक कोल्हापूर-पुण्याचं असलं की व्यवहार दोन राज्यांतला होतो, आणि त्यामुळे जीएसटी लगेच लागतो असं अनेकांना वाटतं. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत, राज्याबाहेर सेवा दिली तरी, नोंदणी सक्तीची नाही. कंपनीने व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) कापला तर तो बुडाला असं समजू नका. विवरणपत्र भरलं की तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. मिळकत कमी असली तरी दरवर्षी विवरणपत्र भरा, पुढे कर्जाला तेच दाखवावं लागतं.

हक्क

या बाबतीत गाव उजवं ठरतं, फक्त कोणी त्याचा फायदा घेत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेला लेखक हाच आपल्या मजकुराचा पहिला मालक. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. एजन्सीच्या करारात सगळे हक्क, कायमचे, जगभरासाठी असं छापलेलंच असतं, तिथे बोलायला जागा नाही. संस्थेचा इतिहास किंवा एखाद्याचं चरित्र लिहिताना मात्र तुम्ही बोलू शकता. दुसऱ्या आवृत्तीचं मानधन, मुखपृष्ठावर किंवा निदान आतल्या पानावर नाव, या दोन ओळी पत्रात घालून घ्या. संस्थेच्या इतिहासासाठी जमवलेल्या मुलाखती पुढे तुमच्या स्वतःच्या पुस्तकाला लागतील.

स्वतःच्या ब्लॉगबद्दलही विचारतात. मराठी ब्लॉगवर गूगलच्या जाहिराती लावता येतात, पण १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हाती येत नाहीत, आणि मराठी वाचकांच्या जोरावर तेवढे जमायला खूप लिहावं लागतं. उत्पन्नाचं साधन म्हणून मी तो हिशेबात धरत नाही. नमुना म्हणून मात्र त्याचं मोल मोठं आहे. शहापूर-वडगावच्या मागांवर किंवा निपाणीच्या तंबाखूवर तुम्ही चार सखोल लेख लिहिलेले असतील तर एजन्सीला पाठवायला त्याहून चांगला परिचय नाही, आणि इथल्या कारखानदाराला दाखवायलाही. विषय एकच धरा आणि तो आपल्या भागातलाच असू द्या.

कोणी काय निवडावं

कन्नड वाचता येतं, माणसांत मिसळायला आवडतं, बेळगाव शहरात किंवा बसच्या टप्प्यात राहता: गावातल्या कामाने सुरुवात करा. सोसायटीच्या अहवालांचा हंगाम उरकला की ऑक्टोबरपासूनच्या मोकळ्या दिवसांत दोन एजन्सींच्या चाचण्या द्या, आणि तिथे कन्नड-मराठी जोडी सर्वांत वर लिहा.

कन्नड येत नाही पण इंग्रजी पक्कं आहे, किंवा लहान मूल, घरातलं आजारपण यामुळे बाहेर पडता येत नाही: मग एजन्सी बरी, तेही एकाच विषयात मुरून. वैद्यकीय, शेती, बँकिंग, काहीही एक. सगळ्यात हात घालणाऱ्याचा दर वाढत नाही. आणि संध्याकाळचा अर्धा तास कन्नड वाचायला ठेवा. अक्षरं ओळखीची झाली की रोजचं वर्तमानपत्र पुरे.

हातात नोकरी असेल तर ती इतक्यात सोडू नका. एक पूर्ण वर्ष, म्हणजे अहवाल, गणपती, दिवाळी अंक, स्मरणिका आणि मार्चअखेर असं सगळं चक्र नोकरी सांभाळून करून बघा. जूनमध्ये आणि जुलैच्या सुरुवातीला कामं आटतात. त्या आठवड्यांत तुमच्या खात्यात किती उरलंय ते पाहून राजीनाम्याची तारीख ठरवा.