लिब्रेऑफिस कॅल्कचं शीट प्रोटेक्शन, ५ पैकी ४ स्टार

आमची लातूरच्या मोंढ्यात आडत आहे, सोयाबीनच्या सीझनला पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) करता करता हात दुखतो. लिब्रेऑफिस कॅल्कमधे (एक्सेलसारखं फुकटचं सॉफ्टवेअर) शीट मीच बनवलंय, कट्टे, वजन, भाव टाकला की हमाली तोलाई कटून शेतकऱ्याची रक्कम निघते. मागच्या दिवाळीच्या टायमाला दिवाणजींनी घाईत हमालीच्या फॉर्म्युल्यावरच आकडा टाइप केला अन् तीच ओळ खाली कॉपी करत गेले, संध्याकाळी ताळा बसेना, रात्री ११ पर्यंत एकेक पट्टी उपसत बसलो.

मग म्हणलं लॉकच करू. टूल्समधून प्रोटेक्ट शीट केलं तर वजनबी टाकता येईना! दिवाणजी म्हणले, "दादा, कॉम्प्युटर रुसलं बघा." झालं असं की सगळे सेल (शीटमधले खाने) मुळातच लॉक धरलेले असतात, फक्त शीट प्रोटेक्ट करेपर्यंत ते लॉक लागू होत नाही (एक्सेलमधेबी असंच आहे). म्हणजे काम उलटं करायचं, आधी जे कॉलम भरायचेत ते निवडून कंट्रोल १ दाबून प्रोटेक्टेडची टिक काढायची, मग शीट प्रोटेक्ट.

पण मला खरं आवडलं ते कंट्रोल एफ८. दाबलं की फॉर्म्युले हिरवे, आकडे निळे, अन् लॉक असलेल्या सेलच्या मागं फिकट करडा रंग, कुठं काय सुटलंय ते लगेच कळतं. एक्सेलमधे ह्याच्यासाठी कंडिशनल फॉरमॅटिंगमधे (अट लावून खान्याला रंग द्यायची सोय) CELL नावाचं फंक्शन घालून बसावं लागतं, लॉक असला तर १ नाहीतर ०, जमतं पण दिवाणजीला कोण शिकवणार. गूगल शीट्समधे नुसती वॉर्निंग दाखवायची सोय आहे ती मात्र भारी, पण मोंढ्यात नेटचा भरवसा नाही.

एक स्टार कापला कारण नवीन ओळ घालायची परवानगी प्रोटेक्ट करतानाच टिक करून द्यावी लागते, मी विसरलो, अन् औशाला लग्नात जेवायला बसलो तर दिवाणजींचे चार फोन. आणि पासवर्डवर लई विसंबू नका, हे चुकीच्या बोटासाठी आहे, चोरासाठी नाही, जाणकार माणूस काढतोच. मी तर पासवर्ड ठेवलाच नाही.

आता दिवाणजी सकाळी आल्या आल्या कंट्रोल एफ८ दाबतात, करड्याला हात लावत नाहीत. भाव मात्र अजूनबी आधी वहीत लिहितात.