किलोभर लिंबूसत्व, बोरिंगचं पाणी आणि भाड्याचं घर

इंदूरच्या सियागंज बाजारातून मी सुट्टं सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व, किलोभर आणलं त्याला बरेच महिने झाले. किराण्याच्या दुकानातल्या छोट्या पुड्यांच्या मानाने फारच स्वस्त पडलं. आता सुदामा नगरचं भाड्याचं घर सोडलं, तरी थोडं उरलंय. तेव्हा लिहायला हरकत नाही.

इंदुरात घर सोडताना खरा प्रश्न पाण्याच्या डागांचा. नर्मदेचं पाणी येतं, पण आमच्याकडे ते पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. वरच्या टाकीत सगळं बोरिंगचं, जड पाणी. बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी पांढरट खपली धरते, बादलीला आतून कडा येते, टाइल्स कितीही धुवा, वाळल्या की धुरकट. हा थर मुख्यतः चुनखडीचा. साबणाला तो दाद देत नाही, आम्लाला देतो. लिंबूसत्वाचं पाणी पडलं की बारीक फेस येतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खपली सुटते. यात घासण्यापेक्षा थांबण्याचंच काम जास्त.

मालकीणकाकूंचा सल्ला वेगळा होता. "अगं, कशाला एवढा खटाटोप? ॲसिडची बाटली आण, तासाभरात चकाचक!" होतं चकाचक, नाही असं नाही. पण बाटलीतलं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट खातं आणि नळांचा चकचकीत मुलामा घालवतं. याआधीच्या घरी कुणा जुन्या भाडेकरूने असेच काळे करून ठेवलेले नळ माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले होते. "काकू, नळ तुमचेच आहेत, म्हणून म्हणते," एवढंच बोलले. त्या हसल्या आणि विषय संपला.

माझी पद्धत अशी. लिटरभर कोमट पाण्यात तीन-चार चमचे पावडर. जुनं सुती फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळायचं, पंधरा-वीस मिनिटांनी काढून जुन्या टूथब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. मुलाम्यावर रात्रभर मात्र ठेवू नये. शॉवरच्या जाळीला तेच पाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून रबरबँडने बांधायचं. उकळतं पाणी घेऊ नका: थर जाड असेल तर गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन खाली बसतं, आणि ते काढणं मूळ थरापेक्षा कटकटीचं. महिन्यातून एकदा हे करत राहिले, त्यामुळे सोडायच्या आठवड्यात बाथरूमला फारसं काही करावंच लागलं नाही. माझ्या मते या पावडरीचा मोठा फायदा हाच. वर्षानुवर्षांचा थर एका दुपारी काढायला गेलात तर निराशाच होईल.

आता दोष. कोटा फरशी, कडप्पा, संगमरवर, जुन्या घरांतली चिप्सची फरशी, यांच्या जवळपासही नेऊ नका. चुना तिथेही आहे, त्यामुळे डागाबरोबर दगडही खाल्ला जातो आणि फिकट, खरखरीत ठिपका उरतो, जो पॉलिशवाल्याशिवाय जात नाही. आमच्या मोरीत खाली कोटा होता. भिंतीच्या टाइल्स पुसताना खाली जाडं ओलं पोतेरं अंथरायची आणि फरशी लगेच धुवायची. आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं फिनाइल वापरलं असेल त्या दिवशी हे वापरायचंच नाही. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तर जिवावरचं.

तेलकटपणावर याचा काडीचा उपयोग नाही. शेगडीमागच्या टाइल्सना गरम पाण्यात धुण्याचा सोडा, हातात मोजे घालून. चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडाही नको, काळी पडते. भांड्यांचं लिक्विड आणि कढत पाणी पुरतं. लिंबूसत्व आणि खायचा सोडा एकत्र करून फसफस दाखवणारे व्हिडिओ येतात, तो नुसता देखावा. एकमेकांचा जोर मारून खारट पाणी तेवढं उरतं.

देवघराचा कोनाडा वेगळ्याच तऱ्हेचा. समईची काजळी आधी कोरड्या फडक्याने, मग लिक्विडने गेली. हळदीच्या डागाला मात्र सोडा लावला की तो लालभडक होतो (हळद आणि चुन्याचं कुंकू होतं, तेच हे). तिथे नुसता साबण लावला आणि खिडकी उघडी ठेवली. ऊन पोचत होतं तेवढा भाग आपोआप फिका झाला, आतल्या कोपऱ्यातला पिवळेपणा राहिला. काकूंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "देवाचा आहे, असू दे."

खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फिनाइलच्या रिकाम्या बाटल्या नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात दिल्या. आपल्या इंदुरात कचऱ्याचं वर्गीकरण सहा प्रकारांत, शेवटच्या दिवशी सगळं एका पोत्यात कोंबून चालत नाही.

पुन्हा घेईन का? घेईन, पण अर्धाच किलो. पावसाळ्यात पिशवीत ओल शिरून याचा दगड होतो, मग खलबत्त्यात कुटावं लागतं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा, आणि बरणीवर नाव नक्की लिहा, कारण दिसायला ही पावडर हुबेहूब साखर आहे.